मधलं नाव शिवायला टाकलंय

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. (उजवा खांदा आखडला आहे, तेवढं एक अंग वजा धरावं.) तुमचे गुडघे कसे आहेत? शिलाई मशीन पायानं चालवायचं खरंच बंद केलंत, की डॉक्टर विचारतील तेवढ्यापुरतं बंद आहे? ऑपरेशन झालेल्या डोळ्यानं सुईत दोरा ओवता येतो का? इकडे मी बरा आहे. आईही बरी आहे, म्हणजे चिडलेली आहे. चिडलेली असली की तिची तब्येत उत्तम राहते हे तुम्ही तिचे थोरले भाऊ असल्यामुळे माझ्या कितीतरी आधीपासून जाणता. भूक चांगली आहे, झोप चांगली आहे आणि परवा तिनं एका तीनशे पानी पुस्तकाची प्रूफं दीड दिवसात तपासून छापखान्याच्या तोंडावर परत फेकली.

पत्राला कारण असं की मी लिफ्टचा तपासनीस झालो. पंधरा वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस लावलं, तारेचे दोर बदलले, दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना "घाबरू नका" असं घाबरून सांगितलं, आणि शेवटी परीक्षा पास झालो. आता मी दोरांना हात न लावता नुसता त्यांच्याकडे बघून मान हलवतो आणि कागदावर सही करतो. आईनं फोनवर सांगितलं असेलच, तरी हे मी स्वतः आधीच कळवायला हवं होतं. पण या तपासनीसपणामुळे जे काही घडलं त्यात तुमचाही थोडा हात आहे, म्हणून कसं लिहावं ते ठरत नव्हतं. तुमचा हात म्हणजे अगदीच हात. पेन तुमचं होतं.

आठवा. मला शाळेत घालायला आई आणि तुम्ही दोघं आला होतात. फॉर्मवर तीन रकाने : नाव, मधलं नाव, आडनाव. आईनं पहिला भरला, तिसऱ्यात स्वतःचं आडनाव लिहिलं (म्हणजे तुमचंच) आणि तुमच्या पेनाला टोपण लावलं. कारकून म्हणाले, "बाई, मधलं नाव? वडिलांचं?" आई म्हणाली, "असू दे." तुम्ही टोपण काढलंत. आईनं तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही टोपण लावलंत. (हे दोनदा झालं असं आई सांगते, तुम्ही एकदाच म्हणता.) त्या रकान्यात ज्या गृहस्थांचं नाव यायचं ते माझ्या जन्माच्या तीन महिने आधी दुसरीकडे राहायला गेले होते आणि परत यायचा त्यांचा विचार दिसत नव्हता. त्यांची माहिती माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त. त्यांनी तुमच्याकडे शिवायला टाकलेला कोट कॉलरपर्यंत येऊन तसाच पडून होता म्हणे.

तर कारकुनांनी रकाना मोकळा ठेवला आणि मी शाळेत गेलो. आमच्या बाई हजेरीला पूर्ण नाव वाचायच्या. मी अकरावा होतो. पहिल्या दहा मुलांच्या नावांच्या त्या तीन-तीन पायऱ्या छान चढून जायच्या आणि माझ्यापाशी आल्या की मधली पायरीच नाही. दर सकाळी बाईंचा पाय हवेत पडायचा. नाव, मग एक खड्डा, मग आडनाव. वर्गानं लवकरच त्या खड्ड्यात आपापलं सामान टाकायला सुरुवात केली. आधी कोणी शिंकायचं, कोणी ढेकर द्यायचं. पुढे कारभार सुधारला, बाकांनी पाळ्या लावून घेतल्या आणि रोज एका बाकानं नवं नाव आणायचं ठरलं. त्या एका वर्षात मी डस्टर, पोपट, टाचणी, बद्धकोष्ठ आणि दक्षिण ध्रुव अशा नावांनी हजर होतो. (गैरहजर एकदाच, कांजिण्या आल्या तेव्हा. त्या दिवशीचं नाव "कांजिण्या" होतं आणि ते वाया गेलं म्हणून मागचा बाक फार हळहळला.) खरं सांगू का, मला मजा वाटायची. बाकीच्या पोरांना जन्मभर एकच, आणि मला रोज ताजं.

मजा तिसरीत संपली. शेजारच्या पोरानं सहज विचारलं, "पण तुझं खरं कुठंय?" शाळा सुटल्यावर मी सरळ तुमच्या दुकानात आलो. तुमच्या तोंडात टाचण्या होत्या, गळ्यात टेप होती, समोर कोणाची तरी पँट आ वासून पडली होती. मी विचारलं, "मामा, माझं मधलं नाव कुठंय?" तुम्ही एकेक करून सगळ्या टाचण्या तोंडातून काढून उशीला टोचल्यात (एवढा वेळ तुम्ही विचार करत होतात हे मला आत्ता कळतं) आणि म्हणालात, "शिवायला टाकलंय. मापं झाली, कापून झालं, काजं-बटणं राहिलीत." मामा, दुसऱ्या दिवशी मी हे छाती काढून वर्गात सांगितलं. पुढचा महिनाभर सगळा वर्ग मला विचारायचा, "झालं का रे शिवून?" एकदा बाईंनीसुद्धा विचारलं. मी सांगितलं, अस्तर चाललंय.

पुढची गोष्ट आईनं तुम्हाला नक्की सांगितलेली नाही, म्हणून मी सांगतो. पाचवीत आमच्या बाई रजेवर गेल्या आणि निकालपत्रं भरायला एक बदली शिक्षक आले. ते फार नीटनेटके होते. रिकामा रकाना त्यांना बघवेना. त्यांनी हजेरीपटावर वरच्या ओळीतल्या मुलाच्या वडिलांचं नाव माझ्या ओळीतही उतरवून टाकलं. वरच्या ओळीतला मुलगा दातांच्या डॉक्टरांचा. बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? दोघांच्या वडिलांचं नाव एकच दिसल्यावर शिपायानं शहाणपणा केला आणि दोन्ही निकालपत्रं एकाच पाकिटात घालून डॉक्टरांच्या घरी पाठवली. डॉक्टरांच्या बायकोनं पाकीट उघडलं. आपला मुलगा गणितात नापास हे तिनं वाचलं, त्याचं तिला काही वाटलं नाही. दुसरा मुलगा गणितात पहिला, हे मात्र लागलं.

त्या बाई तडक आमच्या घरी. आई टेबलाशी लाल पेन्सिल घेऊन प्रूफं बघत होती. बाईंनी निकालपत्र तिच्यासमोर आपटलं आणि म्हणाल्या, "हे काय आहे?" आईनं सवयीनं आधी शुद्धलेखन तपासलं. मग नाव वाचलं. मग दार लावून घेतलं, बाईंना खुर्ची दिली आणि म्हणाली, "तुमच्या नवऱ्यासमोर मी एकदाच गेले आहे. तेव्हा माझं तोंड पूर्ण वेळ उघडं होतं आणि त्यांनी चुकीची दाढ काढली. त्यानंतर मी त्यांचं तोंड पाहिलेलं नाही." चुकीच्या दाढेचं ऐकल्याबरोबर बाईंचा विश्वास बसला. (म्हणाल्या, "माझीही!") दोघींनी चहा घेतला. आईनं लाल पेन्सिलीनं ते नाव खोडलं, समासात वगळल्याची खूण केली आणि निकालपत्र शाळेत परत पाठवलं. पण त्यानंतर दोन वर्षं डॉक्टर मला रस्त्यात बघितलं की पलीकडच्या फुटपाथवर जायचे आणि त्यांची बायको गॅलरीतून ते नीट बघायची.

आता मोठेपणाकडे येतो. आजवर फॉर्म कागदाचे होते, तिथे मी रेघ मारायचो आणि भागायचं. तपासनीसाचा फॉर्म कॉम्प्युटरवर होता. मधल्या नावाशेजारी लाल चांदणी. मी जागा मोकळी सोडली, तो म्हणाला, भरा. रेघ मारली, म्हणाला, चालत नाही. टिंब दिलं, म्हणाला, किमान दोन अक्षरं. माझ्यामागे रांग होती आणि रांगेतला एक माणूस माझ्या मानेवर खोकत होता. मी गडबडीत जे खरं होतं ते टाकलं : "नाही." कॉम्प्युटर म्हणाला, धन्यवाद. दोन आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं आणि त्यावर माझं पूर्ण नाव तीन शब्दांत, मधे नाही. मला हसू आलं. मी ते भिंतीवर लावलं.

तरी काही बिघडलं नसतं. पण आमच्या खात्यात लिफ्ट तपासली की आत एक कार्ड लावतात. कार्डावर डावीकडे मोठ्या अक्षरांत "तपासणी" आणि उजवीकडे एकाखाली एक, तीन ओळींत, तपासनीसाचं नाव. कार्ड पत्र्याच्या चौकटीत सरकवायचं. या चौकटी जुन्या, छोट्या कार्डांच्या मापाच्या निघाल्या. नव्या कार्डाची वरची ओळ वरच्या पट्टीखाली गेली, खालची ओळ खालच्या पट्टीखाली गेली आणि राहिलं काय, तर "तपासणी : नाही". मामा, अशी त्रेसष्ट कार्डं मी अकरा दिवसांत स्वतःच्या हातांनी, मोठ्या अभिमानानं लावली.

लोकांनी जिने धरले. एका इमारतीत सहाव्या मजल्यावर हृदयाच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे येणारा प्रत्येक पेशंट धापा टाकत पोचायचा आणि डॉक्टर एकूणएक सगळ्यांच्या गोळ्या दुप्पट करत होते. दुसरीकडे दहाव्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश चार दिवस खाली उतरलेच नाहीत. दोरीला पिशवी बांधून वर्तमानपत्र वर घ्यायचे आणि त्याच पिशवीतून तक्रारअर्ज खाली सोडायचे. अर्ज शेवटी आमच्या साहेबांकडे पोचले. साहेबांना सगळे ओळंबा म्हणतात, कारण ते कधीच वाकत नाहीत आणि त्यांच्याशेजारी उभं राहिलं की आपण तिरके आहोत असं वाटायला लागतं. त्यांनी कार्ड माझ्यापुढे धरलं.

"हे काय आहे?"

"माझं मधलं नाव, साहेब."

"नाही?"

"हो."

"हो की नाही?"

"नाही, साहेब."

हे आणखी थोडा वेळ चाललं असतं, पण साहेब पाणी प्यायले. मग म्हणाले, तीन महिन्यांत नाव दुरुस्त करून आणा, नाहीतर प्रमाणपत्र रद्द आणि तुम्ही परत खड्ड्यात. तोवर सगळ्या कार्डांवर तेवढी ओळ झाकून टाका. मी काळी चिकटपट्टी घेतली आणि त्रेसष्ट लिफ्टमधे जाऊन "नाही"वर लावली. त्यामुळे लोकांना वाटलं, तपासनीस वारले. एका लिफ्टमधे मी पट्टीचा कोपरा दाबत असताना नवव्या मजल्यावरच्या बाईंनी हळू आवाजात मलाच विचारलं, "चांगले होते का हो ते?" मी म्हटलं, "होते. जरा वेंधळे होते." त्या म्हणाल्या, "अशीच माणसं लवकर जातात."

मग नाव दुरुस्तीच्या कचेरीत गेलो. चार नंबरच्या खिडकीत एक बाई बसतात, चष्मा कपाळावर. त्यांनी माझे सगळे दाखले बघितले. जन्माच्या दाखल्यात मोकळं, शाळेच्या दाखल्यात मोकळं. म्हणाल्या, "मोकळं कसं? वडील तर असतीलच ना?" मी म्हटलं, "असतील. आमच्याकडे नव्हते." बाईंनी चष्मा खाली डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे जरा नीट बघितलं आणि एकदम हळू आवाजात बोलायला लागल्या. "आईचं चालतं आता. किंवा ज्यांनी वाढवलं त्यांचं. लाजायचं काही नाही." मी लाजलो नव्हतो, पण त्यांनी एवढ्या मायेनं सांगितल्यावर थोडा लाजलो.

आता तो रविवार. नेहमीप्रमाणे सकाळी अकराला तुमचा फोन आला. आईनं तुम्हाला सगळं सांगितलं आणि पलीकडून तुम्ही काहीतरी बोललात. आई ऐकत राहिली. मग "तुला काय कळतंय त्यातलं" एवढं म्हणून तिनं फोन ठेवला. तुम्ही काय बोललात ते मला चार दिवसांनी कळलं, तेही ती भांडी घासत असताना, नळ सोडून, मला नीट ऐकू येऊ नये अशा बेतानं : "बापाचं नाव लिहून मोकळी हो. सदतीस वर्षं झाली, अजून कोणावर रुसून बसलीयस?" मामा, तुमच्या मनात वाईट नव्हतं. माझी नोकरी टिकावी एवढंच होतं. पण नेम चुकला.

मी नळ बंद केला आणि म्हटलं, मग तुझं नाव घालतो. आई म्हणाली, मुळीच नको. का, तर मोकळी जागा दिसली की लोक आपणच लाजतात आणि पुढे विचारत नाहीत, पण आईचं नाव दिसलं की बिनधास्त विचारतात. मी म्हटलं, मग इतकी वर्षं तो रकाना रागानं मोकळा ठेवलास का? तिनं हात पुसले. मग म्हणाली, "पहिलं वर्ष रागानं. नंतर राग कुठला टिकतोय? लोकांनी गाळलेले शब्द भरण्यात माझा जन्म गेला. ती जागा मी गाळलेली नव्हती रे, ठेवलेली होती. तुला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. म्हटलं, मोठा झाला की त्याला हवं ते घालील." मी नळ परत सोडला आणि उरलेली भांडी घासली. (त्यातलं एक फुटलं. तिनं ओरडण्याचं टाळलं, यावरून परिस्थिती लक्षात घ्यावी.)

तेव्हा मामा, मी असं ठरवलं आहे की मधे तुमचं नाव घालावं. माझा पहिला गणवेश तुम्ही शिवलात, सायकल तुम्ही शिकवलीत आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आईची सही तुम्ही तिच्याहून सुबक करायचात. ज्यांनी वाढवलं त्यांनी स्वतः हजर राहून सही करायची असा नियम आहे. मुदत सोमवारी संपते. तरी शनिवारच्या पहिल्या गाडीनं निघावं. ओळखपत्र आणि दोन फोटो आणावेत. मी स्टेशनवर येतो. गुडघ्यांची काळजी नको, आमच्या इमारतीत लिफ्ट आहे आणि ती मी स्वतः तपासलेली आहे.

तुमच्या पायांना दुरून हात लावतो. (जवळून लावला तर तुम्ही गुडघे दाबून घेता.)

तुमचा
भाचा

ता. क. : मामा, वरचा शेवटचा परिच्छेद खोटा आहे. कचेरीत कोणाची सही नको की फोटो नको. नाव दुरुस्त होऊन महिना झाला. मधे आईचं नाव आहे. ती नको म्हणाली हे खरं, पण तिनं स्वतःच सांगितलं होतं, हवं ते घाल. मला तेच हवं होतं. मी फॉर्म तिच्या प्रूफांच्या गठ्ठ्यात सरकवून ठेवला. पान उलटता उलटता तिनं सवयीनं पेन्सिल उचलली, दोन शब्दांच्या मधे खूण केली आणि वर स्वतःचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं काय लिहिलं ते. तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "दुसरी वेलांटी दीर्घ आहे. टाइप करताना घालवू नकोस." साहेबांनी नवीन कार्डं दिली, त्याबरोबर मोठ्या चौकटीही दिल्या.

ता. क. २ : खोटं लिहिलं, कारण नुसतं "या" लिहिलं असतं तर तुम्ही गुडघे पुढे केले असते. खरी गोष्ट ही की दहा रविवार झाले, तुमचा फोन नाही. अकरा वाजले की आई फोनजवळची खुर्ची झटकायला लागते. सव्वाअकरापर्यंत झटकते. परवा वाजला, ती धावली, तर राँग नंबर. त्या माणसाला तिनं इतकं झापलं की तो शेवटी सॉरी म्हणाला. तुम्हीही तिकडे फोनसमोरच बसत असणार, नाही म्हणू नका. सहीबिही काही नको, मामा. या.

ता. क. ३ (अक्षर वेगळं आहे ते ओळखशील) : दादा, पाकीट उघडं ठेवून हा कामावर गेला, म्हणून वाचलं. शुद्धलेखनाच्या आठ चुका होत्या, सुधारल्या आहेत. माझ्या तोंडी घातलेली वाक्यं मी इतकी बरी बोलले नव्हते, पण ती राहू दिली. तू फोनवर बोललास ते मला लागलं. अजून लागलेलं आहे, आणि ते मला तुला समोर बसवून सांगायचंय, पत्रात नाही. शनिवारी ये. दोन दिवसांचे कपडे आण. चार दिवसांचे आणलेस तर मी काही मोजत बसणार नाही.

— धाकटी